आधी नख लाव

चिकू हातात घेतला की ती आधी अंगठ्याचं नख सालीवरून हळूच ओढायची. तपकिरी भुसा निघून खाली हिरवं दिसलं तर फळ बाजूला. पिवळसर दिसलं तर एकदा दाबून बघायची. कडक असलं तर डाव्या हाताला लांबच्या दिल्लीच्या ढिगात, दबलं तर उजव्या हाताला जवळच्या वापीच्या ढिगात. हे सगळं होईपर्यंत तिचं तोंड भलत्याच विषयावर चालू असायचं. "आधी नख लाव, मग बोल," हे तिचं पालुपद. ते ती चिकूबद्दल म्हणायची, माणसांबद्दल म्हणायची, आणि सगळ्यात जास्त म्हणायची ती राजाराणीच्या मालिकांबद्दल.

तुमच्यापैकीही पुष्कळजणी त्या बघत असतील, लपवू नका. चीनचे नाहीतर कोरियाचे जुने राजे, लांब बाह्यांचे झगे, केसांत काड्या खोचलेल्या राण्या, हिंदीतून बोलणारे सेनापती. एकमेकांचा हात धरायला बाविसावा भाग उजाडतो. आमच्या डहाणूच्या चिकूच्या वखारीत या मालिका तिने आणल्या. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण सातवी, घर तळासरीच्या पलीकडे डोंगराकडच्या एका पाड्यात. सकाळच्या एसटीने यायची आणि फळं निवडायच्या रांगेत पहिल्या जागेवर बसायची. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. मी रांगेतली नव्हे. मी बी.ए. झालेली, म्हणून माझ्या हातात काळा मार्कर. भरलेल्या पेट्यांवर 'दिल्ली' की 'वापी' ते लिहायचं हे माझं काम, आणि त्या मार्करचा मला भारी तोरा होता.

दुपारी भाकरी सोडताना ती एका पालथ्या क्रेटवर मोबाईल उभा करायची आणि सात बायका त्याच्याभोवती बसायच्या. मी लांबून नाक मुरडायची. एकदा न राहवून म्हटलं, "मावशी, काय बघतेस गं? सगळे राजे सारखेच दिसतात."

"तुला चिकूपण सारखेच दिसतात," ती म्हणाली. "किती भाग बघितलेस?"

"एकही नाही."

"मग आधी नख लाव. दोन भाग बघ, नाय आवडली तर सोड. मी सांगितली म्हणून नको बघू."

दोन भाग म्हणजे नख, हा तिचा नियम. मी दोन बघितले आणि सहा दिवसांत छत्तीस संपवले. सातव्या दिवशी डोळे सुजवून तिच्यासमोर उभी राहिले, "आता तशीच दुसरी सांग."

हा प्रश्न तिला दिवसातून चार वेळा यायचा. तिचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात हायवेवरच्या अच्छाडच्या ढाब्यावर पोळ्या लाटणाऱ्या दोघी होत्या, तिच्या पाड्यातल्या चौघी होत्या, आणि आमची अख्खी रांग. तिला टाइप करायचा कंटाळा, म्हणून ती बोलून पाठवायची, आणि मागे कोंबडी नाहीतर एसटी ऐकू यायची. "तशीच म्हणजे तीच नाय हां. एका वाडीतली दोन झाडं, फळ येगळं. यातली राणी जास्त शानी हाय, पण राजा जरा बावळट. चालेल तर बघ."

शेवट माहीत नसलेली मालिका तिने कधी कुणाला सांगितली नाही. आमच्यात किनाऱ्यावरच्या धाकट्या डहाणू गावची एक होती. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर जायचा आणि तो परत येईपर्यंत तिला घास गोड लागायचा नाही. तिला मावशी म्हणाली, "तुला ती सेनापतीची. बारा भाग वाट बघायला लावतो, पण जिता येतो. मी शेवट बघून घेतला हाय." आणि जिथे शेवटी कुणी मरायचं तिथे ती आधीच बजावायची, "रडायचं असेल तर बघ. पण आधी स्वयंपाक करून ठेव."

माझ्यासाठी मात्र ती दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुला ती दरबारात लिहायला बसते त्या पोरीची. खाली मान घालून सगळं लिहिते, बोलत काय नाय." मी विचारलं, "मग त्यात बघायचं काय?" ती म्हणाली, "नख लाव."

वखारीचे शेठ तसे वाईट नव्हते, पण त्यांना टोमणे मारायची खोड होती. एकदा क्रेटजवळ थांबून हसले, "काय मावशी, या वयात प्रेम?"

तिने मोबाईल बंद केला नाही, आवाजही कमी केला नाही. "शेठ, मी भजन लावलं असतं तर वय विचारलं असतं का? तुमी दिवसभर क्रिकेट बघता, तुमी कुठे खेळायला जाता?" रांगेत कुणी हसलं नाही, कारण कुणाची छाती नव्हती. शेठ गेल्यावर मात्र आम्ही पोट धरून हसलो.

आता ते सांगायलाच हवं. त्या सेनापतीच्या मालिकेचा शेवटचा भाग होता. दुपारची सुट्टी संपून गेली होती, तरी मोबाईल चालूच होता. बायका बघत नव्हत्या, हात चालवत नुसत्या ऐकत होत्या. बघत होते मी. सेनापती घोड्यावरून उतरला आणि मी मार्कर हातात धरून पेट्यांच्या दोन थप्प्यांमध्ये उभी. पिकलेल्या थप्पीवर मी 'दिल्ली' लिहिलं, कडक थप्पीवर 'वापी'. ट्रक भरून गेला.

दुसऱ्या दिवशी वापीच्या व्यापाऱ्याचा फोन मीच घेतला. "माल दगडासारखा आलाय," तो म्हणाला. त्या क्षणी मला सगळं कळलं. मी त्याला माल पिकायला चार दिवस पेंढ्यात ठेवायला सांगितलं आणि फोन ठेवला. कुणाला काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी दिल्लीहून ओरड आली. पेट्या उघडल्या तेव्हा रस गळत होता म्हणे. शेठ रांगेसमोर येऊन उभे राहिले. दिल्लीच्या पेटीत पिकलेलं फळ निघालं म्हणजे निवडताना चुकलं, असा त्यांनी सरळ हिशोब केला. पेटीवरच्या अक्षरांवर कुणाला शंका येईना, कारण ती बी.ए. झालेलीची.

"हे त्या मोबाईलमुळे झालं," शेठ म्हणाले. "मावशी, सगळ्यांसमोर माफी माग आणि ते नाटक कायमचं बंद कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

ती बसल्या जागेवरूनच बोलली. "नख लावल्याशिवाय, दाबल्याशिवाय मी फळ टाकत नाय. या रांगेत कोणीच टाकत नाय, मी शिकवलंय त्यांना. पिकलेलं आमच्या हातून दिल्लीच्या ढिगात गेलं नाय."

"मग कुणाच्या हातून गेलं?"

ती पुढचा चिकू उचलून त्याला नख लावू लागली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पहिल्या जागेवर बसायची, तिथून दोन्ही थप्प्या समोर दिसायच्या. तिला माहीत होतं. ती मला बोलायला वेळ देत होती, आणि मी मार्करचं टोपण काढत होते, लावत होते. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती त्या सात जणींसमोर माझा तोरा उतरण्याची होती. मला आजही त्याची लाज वाटते.

ती उठली. बाटलीतलं खोबरेल हातावर घेऊन बोटांचा चीक सावकाश चोळून काढला, डबा पिशवीत टाकला. माझ्याजवळून जाताना थांबली.

"लिहिणाऱ्या पोरीची संपली का गं?"

"आठ भाग राहिलेत."

"बघून घे. शेवट चांगला हाय."

रविवारी मी ते आठ भाग सकाळपासून बसून बघितले. शेवटच्या भागात राजा एका निरपराध म्हातारीला शिक्षा सुनावतो, आणि इतके दिवस खाली मान घालून लिहिणारी ती पोरगी भर दरबारात उभी राहते. म्हणते, "ती ओळ मी चुकीची लिहिली." बास, एवढंच. मी मोबाईल उपडा ठेवला आणि हमसून हमसून रडले. स्वयंपाक केलेला नव्हता.

सोमवारी मी शेठना केबिनमध्ये नाही, रांगेसमोर गाठलं आणि थप्प्यांची अदलाबदल सांगितली. वापीच्या फोनचंही सांगितलं. शेठनी आधी थप्प्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "जा, तिला बोलावून आण."

मी एसटीने तळासरीला उतरले आणि तिथून रिक्षाने तिच्या पाड्यात गेले. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "शेठनी बोलावलंय. चल ना."

"त्याने सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितलेली ना मला? आता त्याने मागावी. तशीच, सगळ्यांसमोर." सूप खाली न ठेवता ती म्हणाली. "मी राणी नाय, म्हणून काय ऐकून घेऊ?"

"आणि काम?"

"अच्छाडला ढाब्यावर लागले मी. तिथे मोबाईल चालतो."

मी मान खाली घातली. मग तिने सूप ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तू बोललीस कधी? कितव्या भागानंतर?"

"शेवटच्या."

"उशीर केलास," ती म्हणाली. तेवढंच, रागावली नाही. मला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. निघताना म्हणाली, "तशीच दुसरी सांगते तुला. त्यातली पोरगी पहिल्याच भागात बोलते."

शेठनी माफी मागितली नाही. ती वखारीत परत आली नाही. रांगेतली तिची पहिली जागा आम्ही कुणाला देत नाही. नवीन बाई आली तरी ती शेवटी बसते. कडक माल आणि पिकलेला माल यांच्या थप्प्यांवर लिहिताना मी आता प्रत्येक पेटीतलं एक फळ काढते, नख लावते, दाबते, आणि मगच टोपण उघडते.

परवा दुपारी मावशीने सांगितलेल्या नव्या मालिकेचा पहिला भाग लावला होता. मोबाईल तिच्याच पालथ्या क्रेटवर, आवाज पूर्ण. शेठ दारात आले, क्रेटकडे बघितलं आणि म्हणाले, "पुन्हा हे..."

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी उभी राहिले होते.