भोंग्याचे वरचे सूर

व्हेनिसच्या कान्नारेजो भागातला भोंगा नुसता बोंबलत नाही, येणाऱ्या पाण्याची उंचीही सांगतो. आधी लांबलचक हंबरडा, मग सूर. एक सूर म्हणजे बूट घाला, चार म्हणजे तळमजला सोडा. प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत. इथली पोरं पाढ्यांआधी हे शिकतात.

एर्मेतेही शिकला होता. पण उभा जन्म पाणी शिरू नये म्हणून होड्यांच्या फटींत ताग ठोकण्यात गेला आणि त्या ठोक्यांनी त्याचे कान खाल्ले. वरच्या पट्टीतलं त्याला आता काही म्हणजे काही ऐकू येत नसे, फोनची घंटीसुद्धा. कालव्याकाठच्या ज्या आवारात तो ठोकत बसायचा तिथे वाइनचं दुकान निघालं होतं. भिंतीवरच्या एकोणीसशे सहासष्टच्या पुराच्या रेघेपाशी पाहुणे हसत फोटो काढत. तीच रेघ त्याच्या घरातही होती, बायकोच्या पलंगाच्या दीड हात वर.

बायको नोरीना अंथरुणाला खिळलेली, कान मात्र तिखट. भोंगा झाला की ती बोटं दाखवी आणि हा चारचौघांत ऐटीत आकडा सांगे. सगळं सोंग मुलीसाठी. लिदिया खाडीपलीकडे मेस्त्रेला राहायची. बाबांना ऐकू येईनासं झालं की दोघांना तिकडे हलवणार, असं तिने बजावलं होतं. त्या मोटारींच्या गावात मरायचं या कल्पनेनेच दोघांना धडकी भरे.

नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी भोंगा झाला. नोरीना बोटं दाखवणार तोच फोन वाजला, आणि तिला हात फोनकडे करावा लागला. मेस्त्रेला हा भोंगा ऐकू जात नाही, म्हणून लिदिया किती सूर झाले ते विचारत होती.

"दोन," एर्मेते म्हणाला. "दाराला फळी लावतो, झालं."

"आईकडे दे फोन, बाबा."

त्याने फोन नोरीनाच्या कानाला लावला. ती क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"दोनच गं," ती म्हणाली. "तुझ्या बापाचे कान माझ्याहून बरे आहेत."

फोन ठेवल्यावर तिने चार बोटं वर केली.

एर्मेतेने जिन्याकडे पाहिलं. त्याच्याच्याने तिला जिना चढवून नेणं होणार नव्हतं. शेजाऱ्यांना हाक मारावी, तर सकाळपर्यंत मेस्त्रेला कळणार.

"टेबलावर गादी टाक," नोरीना म्हणाली. "आणि तोंड असं नको करूस. अजून मेले नाही मी."

तिला टेबलावर घेईपर्यंत तो घामाघूम झाला. मग दोघं पाण्याची वाट पाहू लागली. शेवटी मोरीच्या भोकातून काळं पाणी बुडबुडत वर आलं. तो पाठमोरा होऊन त्यावर पोती दाबत होता, तेव्हा फोन पुन्हा वाजू लागला. नोरीनाने तो थांबेपर्यंत ऐकला आणि त्याला सांगितलं नाही.