वाफेच्या लाइनीवरचा ट्रान्समीटर

नोएडात नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हा मी पुण्याहून तिथे नोकरीला गेलो. आमच्या मॅनेजरला टायची गाठ उत्तम जमायची, पाना मात्र त्याने कधी हातात धरलेला नव्हता. एकदा वाफेच्या लाइनीवरचा, दाब मोजणारा प्रेशर ट्रान्समीटर बदलायचा होता. मी व्हॉल्व्ह बंद केला आणि आत अडकलेला दाब सोडायला लागलो.

"यार, इतना टाइम नहीं है, सीधा खोल दो," तो म्हणाला.

"तो आप ही खोलिए," म्हणत मी पाना पुढे केला.

तो दोन पावलं मागे सरकला आणि केबिनमध्ये निघून गेला. वाफ बराच वेळ फुसफुसत राहिली. ती थांबल्यावरच मी नट सैल केला.

दुपारी तो पाहुण्यांना सांगत होता, "सेफ्टी के मामले में मैं बहुत सख़्त हूँ." मला त्याचा रागसुद्धा आला नाही. तेवढीही त्याची लायकी नव्हती.