उपडी वाटी

शेजारची ती संशोधक मुलगी घरी आली की आधी माझं दह्याचं भांडं कलतं करून बघायची. "छान लागलंय, काकू!"

"दही आहे ते, परीक्षेचा पेपर नव्हे," मी म्हणायचे.

मी तेव्हा कसली नटवी! नवा दोन दारांचा फ्रिज मुद्दाम हॉलमध्ये मांडला होता. त्यातच ती आपली वाटी ठेवायची. वाटीत बियांच्या डिंकाचं पाणी. गोठवायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. दुसरं काहीही न घालता त्याची घट्ट जेली व्हायला हवी, भाजलेल्या जखमेवर ठेवण्यासाठी. पण दरवेळी ती ओघळायचीच. "पुरे आता, कॉम्प्युटरचा क्लास लाव," घरच्यांचा धोशा. याही वेळी फसलं तर लावीन, असं तिनं कबूल केलं होतं.

त्या सकाळी मी लग्नाला निघालेले, पार्लरमध्ये केसांचा डोंगर रचून. ती बर्फ वितळलेली वाटी घेऊन धावत आली आणि माझ्यासमोर तिनं ती सरळ स्वतःच्या डोक्यावर उपडी धरली.

थेंबही पडला नाही! आतली जेली नुसती थरथरली. आम्ही दोघी किंचाळलो. आणि मी, केसांचा डोंगर पुढे करून ओरडले, "आता माझ्या डोक्यावर धर गं!"