पॅनेलच्या मागची उदबत्ती

मामा कंट्रोल रूमच्या दाराशी बूट काढायचे. बाकीचे ऑपरेटर ग्रीसने माखलेल्या बुटांनी थेट आत यायचे, पण मामा अनवाणी. आत आले की उदबत्ती पेटवायची, पॅनेलच्या मागच्या बाजूला जायचं आणि पत्र्याचं दार ओढून घ्यायचं. तिथे देवाचा एक जुना फोटो चिकटवलेला होता. थोड्या वेळाने रुमालाला हात पुसत बाहेर यायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "चला. माझ्या शिफ्टला मशीन पडत न्हाई."

शिफ्ट संपली की पुन्हा एकदा मागे. "देवाला सांगून येतो," म्हणायचे.

मशीन म्हणजे जालन्याजवळच्या एका स्टील कारखान्याची गॅस टर्बाइन. तिच्या विजेवर भट्टी चालते. टर्बाइन आपोआप बंद झाली तर तिथली माणसं म्हणतात मशीन पडली. मग भट्टीतलं लोखंड आतच थिजतं आणि लोकांना ते पहारींनी फोडून काढावं लागतं. म्हणून मशीन कोणाच्या शिफ्टला पडली, हे तिथे कोणी विसरत नाही.

मी तिथे गेले ते तिची जुनी कंट्रोल सिस्टीम काढून नवी बसवायला. जुनी म्हणजे कपाटाएवढं पॅनेल, आत रिले, कार्डं आणि वायरींचं जंगल. नवी म्हणजे दोन स्क्रीन आणि एक लहानसा डबा. ज्या कंपनीला हे काम मिळालं होतं तिची मी सगळ्यात नवी इंजिनिअर. घर बदनापूरला, म्हणून मला पाठवलं. पण मी शिकले इंग्रजी शाळेत. माझी वाक्यं डोक्यात इंग्रजीत तयार होतात, आणि ती मराठीत येईपर्यंत समोरचा पुढे निघून गेलेला असतो. असं कोणी तुमच्याही ऑफिसात असेल. लोकांना ते गर्विष्ठ वाटतं.

मामांना मी गर्विष्ठ वाटले नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली खुर्ची मला दिली. मला काही विचारायचं असलं आणि शब्द अडकला की ते माझ्याकडे बघायचे आणि माझ्याऐवजी ओरडायचे, "अरे, ताई काही विचारून राह्यल्या. आवाज बंद करा जरा!" मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी प्रश्नच विसरायचे. दुपारी डबा उघडला की भाकरीचा चतकोर न बोलता माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायचे.

मामांना तिथे मोठा मान होता. दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की मॅनेजर साहेब त्यांना शाल द्यायचे, कारण त्यांच्या शिफ्टला मशीन पडत नसे. दुसऱ्या शिफ्टला एक ऑपरेटर होते, मामांच्याच वयाचे. त्यांच्या हातून ती वरचेवर पडायची. मशीन पडण्याला इंग्रजीत ट्रिप म्हणतात, म्हणून लोकांनी त्यांचं नाव ट्रिपशेठ ठेवलं. "ट्रिपशेठ आले, पहारी काढा रे!" शेवटी त्यांना कंट्रोल रूममधून काढून ट्रकच्या वजनकाट्यावर बसवलं. हे मला कोणीतरी हसत हसत सांगितलं. मामाही तेव्हा तिथेच होते. ते उठून पाणी प्यायला गेले.

जुनं पॅनेल काढण्याआधी त्यातली एकेक वायर तपासावी लागते. मागचं दार उघडलं तर आत शेकडो स्क्रू, सगळ्यांवर कित्येक वर्षांची काळी धूळ. त्यात दोनच स्क्रू चकचकीत होते. त्यांच्या खाचा झिजलेल्या. खाली उदबत्तीची राख.

मी ड्रॉइंग पाहिलं. टर्बाइन प्रमाणाबाहेर थरथरू लागली की तिला बंद करणारा सिग्नल त्या दोन स्क्रूंमधून जात होता. त्यांच्यामध्ये वायरचा तुकडा जोडला की मशीन कितीही हलो, पॅनेलला सगळं ठीकच दिसतं.

मी मागे वळले. मामा अनवाणी उभे होते. मला वाटलं, दार न वाजवता मी कोणाच्या तरी खोलीत शिरले आहे.

"मामा, हे..." एवढंच मला बोलता आलं.

"हो," ते म्हणाले.

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. नवे होते तेव्हा त्यांच्या शिफ्टला मशीन पडली. भट्टी थिजली. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्या कामगारांसमोर त्यांच्या हातात पहार दिली आणि म्हणाले, फोड आता. "लई लोक बघत होते, ताई. माझा मेव्हणा पण त्यातच. मंग मी एक दिवस वायर लावली. एकच दिवस म्हणलं. मंग शाल भेटली."

नव्या सिस्टीममध्ये अशी वायर लावायला जागाच नव्हती. हे त्यांना माझ्याआधीच कळलं असावं.

"साहेबांना मी सांगतो. तुम्ही नका सांगू. पण आधी त्याला सांगू द्या," ते वजनकाट्याच्या दिशेने बघत म्हणाले.

मी मान हलवली. तेव्हापासून रोज दुपारी मामा बूट घालून वजनकाट्याकडे निघायचे. खिडकीतून मला दिसायचं. ट्रिपशेठ त्यांना चहा द्यायचे. दोघं चहा प्यायचे. ट्रक यायचा, वजन व्हायचं, मामा परत यायचे. मी विचारायचे नाही. ते आपणहून म्हणायचे, "आज गर्दी होती."

नवी सिस्टीम सुरू झाली त्या सकाळी मामांचीच शिफ्ट होती. उदबत्ती त्यांनी हातात धरली, पण ती न्यायला मागची बाजूच उरली नव्हती. स्क्रीनच्या कोपऱ्यात खोचून ते बसले. भट्टीने जोर धरला तशी टर्बाइन थरथरली, स्क्रीन लाल झाला आणि मशीन पडली.

दार धाडकन उघडलं. मॅनेजर साहेब, फोरमन, भट्टीवरचे घामाने निथळणारे लोक, सगळे आत. वीज गेल्याने वजनकाटाही बंद पडला होता, म्हणून ट्रिपशेठही आले आणि दाराशी उभे राहिले.

"मामांच्या शिफ्टला?" साहेब म्हणाले. "मामांच्या शिफ्टला आजवर कधी पडली नाही. म्हणजे ही सिस्टीमच फालतू आहे. मॅडम, तो थरथरीचा ट्रिप काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

तो काढायचा नसतो, काढला तर माणसं मरतात, हे वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. बाहेर येईना. सगळे माझ्याकडे बघत होते.

"साहेब, ताईच्या सिस्टीमचा दोष न्हाई," मामा म्हणाले.

"मंग काय तुमचा दोष, मामा?" कोणीतरी हसलं.

"हो."

त्यांनी खिशातून तांबड्या वायरचा वीतभर तुकडा काढून टेबलावर ठेवला. "शिफ्टला आलो की ही लावायचो. मशीन हलायची, मी हलू द्यायचो."

सगळ्यांची नजर माझ्यावरून उठून त्यांच्यावर गेली. आणि मला हायसं वाटलं. ती माझी पहिली भावना होती. तिची लाज मला अजून वाटते.

सगळे ट्रिपशेठकडे बघू लागले. ते पुढे आले, वायर उचलून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "जाताना काढून घ्यायचात का?"

मामांनी मान हलवली.

"रोज?"

"रोज."

"काढायची कशाला, मामा? ऱ्हाऊ द्यायची. मलाबी एखादी शाल भेटली असती."

एक जण हसायला लागला आणि मधेच थांबला. हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. आपण पकडले जाऊ या भीतीने मामा ती काढत असतील, किंवा आणखी कशाने. मामा दाराशी गेले आणि बूट हातात घेऊन अनवाणीच बाहेर पडले. त्यानंतर ते कामावर आले नाहीत. टर्बाइनचं बेअरिंग उघडलं तेव्हा ते झिजून गेलेलं निघालं. ट्रिपशेठच्या शिफ्टला मशीन खरं तेच सांगत होती.

परवा जालन्याच्या बसस्टँडवर मामा दिसले. तीर्थपुरीच्या एसटीची वाट बघत होते. मी जाऊन उभी राहिले. काय बोलावं ते नेहमीप्रमाणे सुचेना.

"मशीन बरी हाय ना, ताई?"

"बेअरिंग बदललं, मामा. तरी मागच्या आठवड्यात एकदा पडली."

"कोणाच्या शिफ्टला?"

विचारून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. मान खाली गेली. मला उत्तर माहीत होतं, तरी मी म्हणाले, "बघितलं नाही, मामा."

"बराबर," ते म्हणाले. "बघू बी नका."

एसटी लागली. गाडी रिकामी होती. माझ्या बाजूची खिडकी मोकळी असूनही मामा पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, आणि गाडी निघेपर्यंत हातातली पिशवी आडोशासारखी छातीशी धरून राहिले.