घुबड, चाकू आणि नेलकटर

मंडळी, आज सकाळी बायकोसोबत कंधारच्या किल्ल्यावर गेलो. खिशात नवाकोरा मोठा चाकू होता, रानावनात अडीअडचणीला लागतो म्हणून हौसेनं घेतलेला.

तटावरच्या झुडपात एक घुबड पतंगाच्या मांज्यात अडकलेलं दिसलं. मी चाकू उघडला, तशी बायको ओरडली, "अहो, ठेवा तो! पंखच कापून बसाल त्याचा."

तिनं घुबडाला ओढणीत धरलं, पर्समधून नेलकटर काढलं आणि एकेक फेरा तोडला. ते लई शांत, तिच्याकडं टकमक बघत होतं.

मग उडालं. एवढे मोठे पंख, पण आवाजच नाही! अंगावर काटा आला.

घरामागं घुबड ओरडलं की हीच बाई अपशकुन म्हणून खिडक्या लावते.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की. पण त्याला माझ्यापेक्षा जास्त वाटून राहिली होती."