मौनाच्या दिवशी फुटलेला पाइप

स्काउटांच्या त्या सेवा मंडळात शिरायचं तर कुणाच्या हातापाया पडून भागत नसे. अर्ज नाही, परीक्षा नाही, वशिला तर नाहीच नाही. स्काउटच्या प्रत्येक पथकानं वर्षातून एकदा चिठ्ठ्या टाकायच्या आणि आपल्यातला दुसऱ्यासाठी राबणारा कोण, त्याचं नाव लिहायचं. गंमत अशी की चिठ्ठ्या टाकणारी बहुतेक पोरं स्वतः मंडळाबाहेरची असत. निवडून आलेल्याला मग एक अख्खा दिवस काढावा लागे. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत अंगमेहनत, दुपारी दोन पाव आणि एक केळं, आणि तोंडातून चकार शब्द नाही. संध्याकाळी सगळे गोल उभे राहत, प्रमुख एकेकाला म्हणे, "तुझा दिवस पूर्ण झाला, आता बोल," आणि खांद्यावरून पांढरा पट्टा घाली. ते वाक्य कानावर पडेपर्यंत ओठ मिटलेले.

ताई निवडून आली तेव्हा चौदा वर्षांची होती. आता एकवीस पूर्ण झाली होती, आणि मंडळाच्या प्रमुखपदाचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पोरं तिला ताई म्हणत, म्हणून तिची आईही थट्टेनं ताईच म्हणायला लागली होती. "ताईसाहेब, गावाच्या बादल्या भरून झाल्या असतील तर घरची एक भरा," असं.

दिवसा ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. चाकावर पाणी ठिबकत असतं, काचेची कड धरून ठेवायची, जरा जास्त दाबली की टवका उडतो. काम चोख. मालक म्हणे, हिच्या हातून काच फुटली तर त्या दिवशी दुकान बंद ठेवीन. रविवारी मात्र ती मंडळाची. सात वर्षांत तिनं शाळांची कुंपणं रंगवली होती, दवाखान्याच्या खाटा घासल्या होत्या, पुरात बुडालेल्या वाचनालयातली पुस्तकं पान पान सुटं करून वाळवली होती. हसतमुखानं. तसा नियमच होता, आणि तिला तो जड गेला नव्हता.

तिचा जीव अडकला होता तो त्या मौनाच्या दिवसात. त्यांचं घर दोन खोल्यांचं. आईचं शिवणयंत्र, वडिलांचा रेडिओ, शेजारच्या भिंतीपलीकडलं भांडण. आणि सगळ्यात वर, दर पाच मिनिटांनी तिला कुणीतरी विचारलेला प्रश्न. चौदाव्या वर्षी, एका तलावाकाठचा गाळ उपसताना, आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी काही विचारलं नाही. उत्तर द्यायचं नाही म्हटल्यावर मन कसं सैल पडतं, ते तिला त्या दिवशी कळलं. पुढे जी जी मुलं आली त्यांना हीच गोष्ट द्यायची असं तिनं मनाशी धरलं, आणि देता देता नियम थोडा थोडा कडक करत गेली. मूळ नियम फक्त न बोलण्याचा होता. खुणाही करायच्या नाहीत, ही भर तिची. कुणी हरकत घेतली नव्हती. चांगल्या माणसाच्या हातात नियम असला की लोक हरकत घेत नाहीत, हे तिला फार उशिरा समजलं.

त्या रविवारी निवडलेली नऊ मुलं होती. काम म्हाताऱ्या माणसांच्या निवासाचं. मागच्या दाराला चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार केलेला, त्याच्या पायथ्याशी पाणी तुंबायचं. तिथून रस्त्याकडेच्या गटारापर्यंत चर खणायचा. ताईनं सकाळीच चुन्याची रेघ मारून ठेवली होती. सरळ, तिला आवडते तशी. मुलांना अंतराअंतरावर उभं केलं आणि शेवटचं सांगितलं, "आता संध्याकाळपर्यंत गुळणी धरायची. खुणासुद्धा नाहीत. जे काही आहे ते हातातल्या कामात घाला."

उताराजवळचा पहिला तुकडा आला पानाच्या वाट्याला. पाना ही प्लंबरची मुलगी, पंधरा वर्षांची, सुट्टीत बापाच्या हाताखाली काम करणारी. म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. एरवी तोंडाचा पट्टा असा चालायचा की पथकातली पोरं म्हणत, हिला चिठ्ठी टाकली ती एक दिवस तरी गप्प बसेल म्हणून.

पानानं कुदळ उचलली नाही. ती भिंतीवरच्या नळाकडे बघत राहिली, मग मान वळवून फाटकाजवळच्या लोखंडी झाकणाकडे. मग तिनं बोटानं नळापासून झाकणापर्यंत हवेत एक रेघ ओढली. ती चुन्याच्या रेघेला बरोबर छेदत होती.

ताईनं तिचा हात धरून हळूच खाली केला. "आज हातांनीही बोलायचं नाही, बाळा."

पानानं दोन क्षण तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसून ती खुरप्यानं माती खरवडायला लागली, भांड्याला लागलेलं करपलेलं काढावं तशी. पुढची मुलं गुडघाभर खड्ड्यात गेली तरी हिचा खड्डा वीतभरच. ताईला वाटलं, पोरगी अंग चोरतेय. ओरडायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं हसून कुदळ घेतली, "बघ, अशी," म्हणाली, आणि स्वतःच घाव घातले. तिसऱ्या घावाला लोखंडाचा आवाज झाला आणि पाणी तिच्या हनुवटीपर्यंत उडालं.

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. ताईनं कुदळ पानाच्या हातात कोंबली आणि निवासाच्या व्यवस्थापकाला बोलवायला आत धावली. तो बाहेर आला तेव्हा पाना कुदळ टाकून फाटकाकडे पोचली होती, झाकण उचलून, खड्ड्यात हात घालून व्हॉल्व्ह फिरवत होती. पाणी थांबलं. व्यवस्थापक अर्धवट दाढी केलेला, गालावर फेस.

"इथे कोण खणत होतं?"

सात वर्षं स्काउटांचं शिक्षण सांभाळणारे, निवृत्त कवायत-मास्तर सर तोवर आले होते. त्यांनी हातातला कामाच्या वाटणीचा कागद पाहिला. "पहिला तुकडा… ही मुलगी."

"आणि हिला व्हॉल्व्ह कुठाय ते बरोबर ठाऊक! म्हणजे पाइप कुठून जातो तेही ठाऊक असणार. काय गं? मुद्दाम फोडलास?"

पाना उभी होती. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, ओठ मिटलेले. बाकीच्या आठ जणांची पाठ होती, त्यांनी काही पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी तेही मूग गिळून उभे राहायला बांधलेले. बोलू शकणारी तिथे एकच होती, जिला सगळं माहीत होतं.

ताई म्हणाली, "लहान आहे ती, चुकलं असेल. आम्ही पाणी भरून देतो."

खोटं असं त्यात एकही अक्षर नव्हतं. 'असेल' या शब्दात किती माणसं बुडवता येतात, हे नंतर दुपारभर बादल्या वाहताना तिच्या डोक्यात फिरत राहिलं. तिनं तीस बादल्या वाहिल्या, सगळ्यांपेक्षा जास्त, आणि प्रत्येक बादलीबरोबर स्वतःला सांगत राहिली की संध्याकाळी सरांना बाजूला घेऊन सांगू. चारचौघांत कशाला तमाशा? निवासातली एक आजी तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "गुणाची आहेस." तिला तो हात चटका बसल्यासारखा लागला.

संध्याकाळी सरांनीच निकाल देऊन टाकला. "पानाचा पट्टा पुढच्या वर्षी. सेवेत बेफिकिरी चालत नाही." आठ जणांचे दिवस पूर्ण झाले, आठ जण एकदम कलकलाट करत बोलायला लागले. त्या गडबडीत पाना सायकलवर टांग टाकून निघून गेली. ताईनं सरांना बाजूला घेतलं नाही.

सोमवारी तिच्या हातून एक काच फुटली. मालकानं दुकान बंद केलं नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं. मंगळवारी काम आटोपून ती पानाच्या घरी गेली. माफी मागायची, हलकं व्हायचं, एवढंच ठरवून.

दार प्लंबरनं उघडलं. आत स्वयंपाकघरात पाना जमिनीवर बसून पाइपाला आटे पाडत होती. ताईला बघून ती उठली, पाण्याचा पेला आणून दिला, परत जाऊन बसली.

"रागावलीय?" ताईनं विचारलं.

"राग असता तर बरं होतं हो," प्लंबर म्हणाला. "रविवारपासून तोंड उघडलेलं नाही. आधी मला वाटलं घसा बसला. भूक लागली का विचारावं, तर हो नाही, नाही नाही, मान हलवणंसुद्धा नाही. ताट वाढून ठेवतो, जेवते. शाळेतून बाईंचा निरोप आलाय, मुलीला काय झालं म्हणून. हिची आई म्हणते, जन्मात पहिल्यांदा घरात शांतता आहे, आणि म्हणते न् डोळे पुसते."

ताईला उमजलं. पानाला कुणी ते वाक्य म्हटलंच नव्हतं. सगळ्यांचे दिवस संपले, हिचा चालूच होता. बोलायचं नाही, खुणा नाहीत. हिनं दोन्ही गोष्टी घेतल्या तशा धरून ठेवल्या होत्या. ज्या मौनात ताईला मोकळं वाटलं होतं, त्यात तिनं एका पोरीला कोंडून बाहेरून कडी घातली होती.

ती पानासमोर खाली बसली. "अगं, पाइप मी फोडला. तू दाखवत होतीस ते मी पाहिलं नाही. चुकले मी. बोल आता. मी सांगते ना, बोल."

पानानं तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आटे पाडायला घेतले.

"असं कसं चालेल?" प्लंबर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो नळाची चावी समजावून सांगावी तसं सांगत होता. "जायच्या आधी आम्हाला घोकून घोकून ऐकवलं होतं तिनं. सगळ्यांसमोर, गोलात उभं करून सोडतात म्हणे. गिऱ्हाइकांकडून कानावर आलंय माझ्या. तुम्ही हिला चोर ठरवलंत चव्हाट्यावर, आणि सोडवायला आलात स्वयंपाकघरात."

ताई मनात मोजायला लागली. सगळ्यांसमोर म्हणजे सरांसमोर, त्या आठ जणांसमोर, पाठीवर हात फिरवणाऱ्या आजीसमोर. सात वर्षांत जमवलेलं सगळं एका संध्याकाळी उधळायचं. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण अजूनही स्वतःचीच बेरीज मांडतोय, आणि ही पोरगी दोन दिवस उपाशी असल्यासारखी शब्दांवाचून बसलीय.

बुधवारी पाच वाजता ती निवासाच्या मागच्या अंगणात सगळ्यांना घेऊन उभी होती. घरोघर जाऊन तिनंच बोलावलं होतं. म्हातारी माणसं खुर्च्या ओढून आली. नवीन काही घडतंय म्हटल्यावर त्यांना तेवढीच करमणूक. पाना बापाबरोबर आली.

ताईनं सांगितलं. रेघ कुणी मारली, हात कुणी खाली केला, कुदळ कुणाची. "आणि विचारलं तेव्हा मी म्हणाले, चुकलं असेल. तिनं काही चुकवलं नव्हतं. खुणा करायच्या नाहीत हा नियमही मंडळाचा नाही, माझा आहे. प्रमुख म्हणून माझं वर्ष इथेच संपलं समजा."

व्यवस्थापकानं गाल चोळला. सरांनी रविवारच्या त्या कागदाची घडी घातली. "मीही तिला एक प्रश्न विचारला नाही," ते म्हणाले. "कागद वाचून मोकळा झालो. राजीनाम्याचं नंतर बघू. आधी ते वाक्य म्हण. आज तूच प्रमुख आहेस."

ताई पानासमोर गेली. "तुझा दिवस पूर्ण झाला," ती म्हणाली. "आता बोल."

सरांनी पट्टा पुढे केला. पानानं तो बाजूला सारला. तिनं घसा खाकरला. तीन दिवसांचा गंज चढलेला आवाज आधी नुसताच खरखरला.

"पट्टा नंतर," ती म्हणाली. "आधी मला भांडायचंय."

खुर्च्यांमधून कुणीतरी खुदकन हसलं. ताई हसली नाही.

"भांड."

आणि पाना भांडली. बोटं, हात, डोळे, सगळं वापरून. पाइपाबद्दल, हात खाली केला त्याबद्दल, 'बाळा' म्हटलं त्याबद्दल, बापाच्या गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं त्याबद्दल. काही गोष्टी खऱ्या होत्या, काही वाढवून सांगितलेल्या. दोनदा ताईच्या ओठांवर उत्तर आलं, अगदी रास्त उत्तर, आणि दोन्ही वेळा तिनं ते गिळलं. तलावाकाठी गप्प राहणं सोपं होतं. तिथे समोर कुणी नव्हतं.

मध्येच पाना थांबली, दम खायला. "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ताई म्हणाली. "पुढे बोल."