पिसोरीचा डोंगर आणि मामा

मामाला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आडत्या होता तो. भाव पुकारून पुकारून त्याचा घसा तसाच झाला होता. आमच्याकडे येऊन साधा चहा मागितला तरी समोरच्या सोसायटीत कुणीतरी खिडकी उघडून बघे. राग तर कायम नाकावर.

हाच मामा करंजाड्याच्या पुढच्या डोंगरात शिरला की कुजबुजायचा. तिथल्या ओढ्याकाठच्या गर्द झाडीत पिसोरी राहायची. सशाएवढी हरीणजात, काड्यांसारखे पाय, अंगावर पांढरे ठिपके. दिवसा ती पाचोळ्यात नाहीतर कपारीत दडून बसते. साताऱ्याहून आलेल्या मामाला ती एकदाच दिसली आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की तो मला घेऊन तिथं जाऊन बसायचा. मला कधी दिसली नाही. मी कुरकुरले की म्हणायचा, "दिसाय कशाला पायजे? हाय, एवढं बास."

माझ्या वडिलांचा खडीचा धंदा. नव्या शहराला दगड हवा होता, त्यांनी तोच डोंगर खाणीसाठी घेतला. मामा भांडला, कचेऱ्या पालथ्या घातल्या. एका साहेबानं हसत विचारलं, खायला कशी लागते? त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

आमच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. पंगत बसली असताना मामा आला. अंग धुळीनं माखलेलं, हातात उपरण्याचं गाठोडं. त्यानं ते वडिलांच्या पानापुढं सोडलं. सुरुंगाच्या दगडानं डोकं फुटलेली पिसोरी होती. मी तिला पाहिलं ते असं.

"दाजी," तो म्हणाला, "हिचं घर मोडून तुमी हे बांधलं. निदान तोंड तरी बघा तिचं."

वडिलांनी वॉचमनला हाक मारली. दुसऱ्या दिवशी सुरुंग नेहमीच्या वेळी लागले.

मामानं पुन्हा आमचा उंबरा ओलांडला नाही. भाऊबीजेला आईच मार्केटात जायची आणि गाळ्यावर, गोण्यांच्या थप्पीपुढं, त्याला ओवाळून यायची. ओढा बुजला, झाडी गेली, आणि काही वर्षांनी मामाही गेला. छातीत कळ आली, तीही गाळ्यावरच.

त्याच्या दहाव्याला वडील चारचौघांत म्हणाले, माणूस चांगला होता, पण भांडखोर.

आई जन्मात त्यांना उलटून बोलली नव्हती. ती म्हणाली, "भांडखोर नव्हता तो. आपण कुणी त्याच्या बाजूनं तोंड उघडलं नाही, म्हणून त्याला एवढं ओरडावं लागलं."